चव्वेचाळीस नंबरच्या रस्त्याचे वरचे टोक

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावाच्या फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो. फाट्यावर उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले तर हा रस्ता वडनेर, पांढरकवडा करीत पुढे हैदराबादला आणि शेवटी कन्याकुमारीला जातो. उत्तरेकडे तोंड केले तर जाम, बुटीबोरी, नागपूर, सिवनी, सागर, झाशी, आग्रा, दिल्ली, लुधियाना, पठाणकोट, जम्मू असा चढत जाऊन तो श्रीनगरला टेकतो. आमच्या कपाशीच्या धुऱ्यावरून दिसणारे डांबर आणि काश्मीरमध्ये जानेवारीत बर्फाखाली गेलेले डांबर हे एकाच रस्त्याचे आहे, ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. परंतु तिचा अर्थ कळायला स्वतः गाडी घेऊन दोन हजार किलोमीटर वर जावे लागले. दोन वर्षांपूर्वी कापसाचा दुसरा वेचा विकून हातात चार पैसे आले, तेव्हा मी, माझा धाकटा भाऊ आणि गावातील एक निवृत्त ट्रकचालक असे तिघे आमच्या जुन्या डिझेल जीपने श्रीनगरपर्यंत जाऊन आलो. या ट्रकचालकांना सारे गाव ‘उस्ताद’ म्हणते. संत्री घेऊन दिल्लीला जायचे आणि काश्मीरची सफरचंदे घेऊन परतायचे, असे त्यांच्या आयुष्यातील कितीतरी हिवाळे या रस्त्यावर गेले आहेत.

यंदा डिसेंबरच्या अखेरीस माझा पुतण्या तीन मित्रांसह त्याच वाटेने निघणार आहे. दिवाळीत तो विचारत होता, “काका, तुम्ही तर जाऊन आले. गाडीत काय काय न्या लागते, थे सांगा ना.” मी त्याला तोंडी सांगायला सुरुवात केली आणि लक्षात आले की सामानाच्या यादीत या प्रश्नाचे उत्तर मावत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. त्याच्या तीन मित्रांपैकी दोघांनी आजवर बर्फ पाहिला आहे तो रसवंतीवर आणि लग्नातल्या पाण्याच्या ड्रममध्ये, हेही लिहिण्याचे एक कारण आहे.

माझे म्हणणे असे आहे की, बर्फावर गाडी चालवण्याची अर्धी विद्या आपल्या भागातील माणसाकडे आधीपासूनच असते. ज्याने जुलै महिन्यात काळ्या मातीच्या पांदणीतून जीप बाहेर काढली आहे, त्याला हे निराळे शिकवावे लागत नाही की चाक एकदा जागच्या जागी फिरू लागले की जास्त रेस देणे म्हणजे गाडी आणखी रोवून घेणे. पहिल्या गिअरऐवजी दुसरा गिअर टाकावा, क्लच सावकाश सोडावा, पाय हलका ठेवावा, स्टिअरिंग आवळून न धरता तळहातात खेळते ठेवावे आणि मागचा भाग थोडा वाकडा सरकला तरी जिथे जायचे आहे तिकडेच नजर ठेवून चाक हळूच तिकडे वळवावे, हे सगळे पांदणीनेच आपल्याला शिकवलेले असते. बर्फावरही नेमके हेच करायचे असते. मात्र एका ठिकाणी पांदणीची सवय घात करते. चिखल गाडीला धरून ठेवतो. पाय काढला की गाडी आपसूक थांबते, त्यामुळे आपली सारी काळजी गाडी चालती ठेवण्याची असते. बर्फ गाडीला धरत नाही. तेथे चालू राहणे सोपे आणि थांबणे अवघड असते, आणि उतारावर तर फारच अवघड.

याचा अंदाज यावा म्हणून थोडा हिशेब सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा ब्रेक कोरड्या डांबरावर दाबला, तर ब्रेक लागल्यापासून साधारण ९ ते १० मीटरमध्ये ती उभी राहते. म्हणजे बैल जुंपलेल्या दोन बंड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल तेवढ्यात. तोच ब्रेक काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर दाबला, तर ६० मीटरनंतरही गाडी सरकतच असते. ब्रिटनमधील वाहनचालकांच्या अधिकृत नियमपुस्तिकेतही गोठलेल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर दहापट होऊ शकते, असेच सांगितलेले आहे. ताजा भुसभुशीत बर्फ त्या मानाने बरा, दबून घट्ट झालेला त्याहून वाईट, आणि सर्वांत फसवा म्हणजे शून्य अंशाच्या आसपास वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर, ज्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. हा थर पांढरा दिसत नाही. त्यातून खालचे डांबर काळेच दिसते आणि रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. पुलांवर तो सर्वांत आधी धरतो, कारण जमिनीवरच्या रस्त्याला खालून मातीची ऊब असते आणि पुलाला वरूनही थंड हवा लागते व खालूनही.

उस्तादांनी निघण्यापूर्वी एकच सूत्र सांगितले होते, “ब्रेकले पाय लावाचाच नाई. गेअरवर उतरवाची गाडी.” मला ते अतिशयोक्त वाटले होते. बनिहालच्या बाजूने आम्ही काझीगुंडच्या बोगद्यात शिरलो, तेव्हा रस्ता ओलसर होता, एवढेच. हा बोगदा २०२१ मध्ये सुरू झाला असून साडेआठ किलोमीटरच्या आसपास लांब आहे. आत दिवे, कोरडा रस्ता आणि एकसारखा वेग यामुळे डोळ्यांना व पायाला सुस्ती येते. उजेड दिसू लागताच उस्तादांनी भावाला तिसऱ्या गिअरवर आणि मग दुसऱ्यावर यायला लावले. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता, तरी त्यांनी वेग वाढवू दिला नाही. बाहेर पडलो आणि एकदम सारे पांढरे झाले. झाडे, कठडे, रस्ता, उभ्या गाड्यांची टपे, काहीच वेगळे दिसेना. आमच्या पुढच्या लहान मोटारीच्या चालकाने ते पाहिले आणि जे कोणीही केले असते तेच त्याने केले, ब्रेकवर पाय दिला. गाडी लट्टूसारखी संथपणे फिरली. तिचे तोंड आमच्याकडे झाले, आतल्या माणसाचे उघडे तोंडही मला स्पष्ट दिसले, आणि मग ती कडेला ढकलून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. कोणाला इजा झाली नाही. आम्ही तिच्या बाजूने दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला हात-पाय न लावता, बैलगाडीच्या चालीने पुढे गेलो. बोगद्याच्या एका तोंडाशी एक ऋतू आणि दुसऱ्या तोंडाशी दुसरा असू शकतो, म्हणून बोगदा संपण्यापूर्वीच वेग उतरवावा, ही गोष्ट मी पुतण्याला दोनदा सांगितली आहे.

ज्यांच्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे त्यांना ब्रेक दाबावाच लागला तर पायाखाली पॅडल थरथरते. ती थरथर म्हणजे यंत्रणा आपले काम करीत आहे असे समजून पाय तसाच दाबून ठेवावा. आमच्या जुन्या जीपसारख्या गाडीत मात्र ब्रेक हलकेच दाबून सोडत राहावे लागते. दोन्ही प्रकारांत थांबायचे अंतर कमी होईल अशी आशा धरू नये. एबीएसमुळे ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते, बर्फावर जागच्या जागी उभी करता येत नाही.

विद्येचा हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग थंडीने यंत्रावर काय परिणाम होतो याचा आहे आणि त्याबाबतीत आपण विदर्भातील माणसे अगदीच कोरी असतो. आपली सगळी काळजी ४५ अंशांची असते. गाडी तापते, टायर फुटतो, एसीचा गॅस जातो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा आम्ही वर्षभर त्याच्याच गप्पा मारल्या. परंतु साडेतीन अंश शून्याच्या वर असतात, आणि यंत्राच्या दृष्टीने शून्याच्या वर आणि खाली यांत फार अंतर आहे.

पहिली गोष्ट रेडिएटरची. आमच्याकडे रेडिएटरमधील पातळी कमी झाली की बोअरचे पाणी ओतण्याची पद्धत आहे आणि आमच्या जीपमध्ये नऊ वर्षांत इतके पाणी ओतले गेले होते की मुळातले कूलंट नावापुरतेही उरले नसावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. इंजिनाच्या बिडाच्या आत ते फुगले तर बीड तडकते, आणि मग गाडी ट्रकवर घालूनच परत आणावी लागते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे पाणी काढून, आतून धुऊन, कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे भरून घ्यावे. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते, म्हणजे काश्मीर खोऱ्यासाठी ते पुरून उरते. “निम्मे कशाला, सगळे कूलंटच टाकू,” असे आमचे मिस्त्री म्हणाले होते आणि ऐकायला ते बरोबरही वाटते. पण बिनपाण्याचे ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मूळ द्रव, उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते, त्यामुळे जास्त पैसे घालवून कमी संरक्षण मिळते.

दुसरी गोष्ट डिझेलची. हिवाळ्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो आणि थंडीत तोही असाच थिजू लागतो. आधी डिझेल गढूळ दिसते, मग त्या मेणाच्या कणांनी फिल्टर चोंदतो आणि इंजिनाला इंधनच मिळत नाही. लडाखसारख्या ठिकाणी तर हा प्रश्न इतका मोठा होता की २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तेथील हिवाळ्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे खास डिझेल आणले. श्रीनगरला तेवढी कडक थंडी नसते, तरीही आपल्या उबदार मुलखात भरलेली टाकी तशीच घेऊन वर जाऊ नये. डोंगर चढण्यापूर्वी टाकी निम्म्याहून खाली आणावी आणि थंड भागातील पंपावर ती पूर्ण भरून घ्यावी, अशी उस्तादांची रीत होती. एकदा वर पोहोचल्यावर मात्र टाकी कधीही निम्म्याखाली जाऊ देऊ नये. रस्ता कोणत्या क्षणी बंद होईल आणि गाडीत किती तास बसावे लागेल याचा नेम नसतो.

बॅटरीबद्दल फार लिहीत नाही. थंडीत बॅटरीचा जोर बराच घटतो आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणून तीन-चार वर्षे जुनी बॅटरी असेल तर ती निघण्यापूर्वीच तपासून घ्यावी आणि जंपर केबल सोबत ठेवावी.

हीटरची हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. आमच्या जीपचा हीटर नऊ वर्षांत कोणी लावलाच नव्हता. वर्धा जिल्ह्यात गाडीत हीटर लावणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. उधमपूरच्या पुढे काचा आतून धुरकटू लागल्या, तेव्हा भावाने पहिल्यांदा ती कळ फिरवली. जाळीतून आधी धूळ आली, मग उग्र वास आला आणि नंतर कापसाचे बारीक पुंजके उडून आमच्या अंगावर पडू लागले. जीप वर्षानुवर्षे कापसाच्या गंजीजवळ उभी राहत होती आणि उंदरांनी हीटरच्या नळीत ऐसपैस घर केले होते. उस्तादांच्या मिशीत अडकलेला तो पुंजका मला अजून दिसतो. हसू येते, पण ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण काच साफ न होणे म्हणजे आंधळेपणाने घाट चढणे. म्हणून घरीच हीटर लावून पाहावा. काचा आतून धुरकटल्या तर हीटरबरोबर एसीही चालू करावा. थंडीत एसी कशाला असे वाटते, परंतु तो हवेतील ओल शोषून घेतो आणि काच लवकर निवळते.

आता टायर आणि साखळ्या. आपल्याकडे टायर गोटा होईपर्यंत चालवतात. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, परंतु बर्फावर तेवढ्याने भागत नाही. तिथे तीन-चार मिलिमीटर तरी असावी. युरोपात हिवाळ्यासाठी निराळे टायर असतात. त्यांचे रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहते, आपल्या टायरचे रबर त्या थंडीत कडक होते. जर्मनीत तर बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लावणे बंधनकारक आहे आणि त्यांच्यावर डोंगर व हिमकणाचे चिन्ह असते. आपण दहा दिवसांच्या प्रवासासाठी टायरांचा तसा जोड घेणार नाही, हे उघड आहे. म्हणून साखळ्या घ्याव्यात. त्या इंजिनाचा जोर ज्या चाकांना मिळतो त्यांनाच लावायच्या असतात. पुतण्याच्या नव्या मोटारीत पुढच्या चाकांना, आमच्या जीपमध्ये मागच्या. साखळी लावल्यावर थोडे अंतर चालवून ती पुन्हा आवळावी लागते, ताशी ४० च्या वर जाऊ नये आणि मोकळे डांबर लागताच ती काढावी, नाहीतर टायरही जातो आणि साखळीही तुटते. टंगमर्गहून गुलमर्गला चढणाऱ्या १३ किलोमीटरच्या रस्त्यावर बर्फ पडल्यावर साखळीशिवाय किंवा चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीशिवाय सोडत नाहीत. आम्ही आमची जीप टंगमर्गलाच ठेवून तिथल्या माणसाच्या गाडीने वर गेलो आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. ज्याची रोजची वाट आहे त्याच्या हाती चाक देणे, हीसुद्धा तयारीच आहे.

साखळी लावण्याचा सराव आम्ही खळ्यात केला होता. उस्तादांनी ती जमिनीवर पसरली, गुंता सोडवला, चाकावरून टाकली, मागून हात घालून आतला आकडा अडकवला आणि मग जीप अर्धे चाक पुढे घ्यायला सांगितली. शेजारचे एक म्हातारबाबा काठी टेकून बराच वेळ पाहत उभे होते. शेवटी त्यांना राहवले नाही. “गाडीले दावं लावून रायले का गा? पळून जाते का काय?” असे विचारून ते निघून गेले. पहिल्या खेपेला आम्हाला पाऊण तास लागला, तिसऱ्या खेपेला वीस मिनिटे. बर्फात, अंधारात, बधिर झालेल्या बोटांनी, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना हे पहिल्यांदाच करायला घेणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. गुडघ्याखाली घालायला पोते आणि रबरी हातमोजे साखळीच्या पिशवीतच ठेवावेत.

पोत्यावरून आठवले. आमच्या सामानातील सर्वांत उपयोगी वस्तू कोणती ठरली असेल तर ती तागाचा जुना बारदाना. श्रीनगरमध्ये मुक्कामाच्या ठिकाणी जाणाऱ्या गल्लीला लहानसा चढ होता. तिथे मागची चाके फिरू लागली आणि फिरता फिरता त्यांनी खालचा बर्फ आरशासारखा गुळगुळीत केला. उस्तादांनी दोन पोती काढली, घडी करून मागच्या चाकांच्या पुढे घट्ट सारली आणि प्रत्येक पोत्याला बांधलेली सुतळी मागच्या बंपरला अडकवली. जीप पोत्यांवर चढली, चढ पार झाला आणि सुतळीमुळे पोतीही मागोमाग फरफटत आली. त्यांना आणायला परत उतरावे लागले नाही. चाक पोते जोरात मागे फेकते, म्हणून गाडीच्या मागे कोणी उभे राहू नये. पोते तागाचेच हवे. खताचे किंवा सोयाबीनचे प्लास्टिकचे कट्टे बर्फावर स्वतःच घसरतात. मागच्या चाकांवर चालणारी आणि मागून रिकामी असलेली गाडी असेल, तर वाळूची दोन पोती मागे टाकावीत; वजनाने चाके जमिनीला धरतात आणि अडकल्यास हीच वाळू चाकाखाली टाकायला कामी येते.

आमची सर्वांत मोठी फजिती हँडब्रेकने केली आणि तीत चूक माझीच होती. रात्री गाडी उभी करताना तीस वर्षांच्या सवयीने मी हँडब्रेक ओढला. दिवसभर बर्फाच्या पाण्यातून आलेली चाके ओली होती आणि रात्रीत ब्रेकचे लायनर ड्रमला गोठून चिकटले. सकाळी इंजिन सुरू झाले, क्लच सोडला, जीपने मागून बूड टेकले आणि तिथेच थरथरत राहिली. मुक्कामाच्या घराचे मालक फिरनच्या, म्हणजे लांब काश्मिरी झग्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची लहान शेगडी) धरून बाहेर आले, त्यांनी गाडीकडे पाहिलेदेखील नाही, मला एवढेच विचारले, “हँडब्रेक खींचा था?” मग त्यांनी लाकडी ठोकळ्याने ड्रमवर चारही बाजूंनी हलकेच ठोकले आणि मला आलटून पालटून पुढचा व मागचा गिअर टाकत राहायला सांगितले. काही वेळाने काडी मोडल्यासारखा आवाज होऊन एक चाक सुटले, थोड्या वेळाने दुसरे. अशा थंडीत गाडी सपाट जागी, गिअरमध्ये आणि चाकाला दगड लावून उभी करावी. वायपर काचेवरून उचलून उभे ठेवावेत, नाहीतर ते चिकटतात आणि सकाळी कळ दाबताच रबर फाटते किंवा मोटार जळते. गोठलेल्या काचेवर गरम पाणी मुळीच ओतू नये, काच तडकते. प्लास्टिकची पट्टी घेऊन खरवडावे. टपावरचा बर्फही झाडून मगच निघावे, कारण पहिल्याच उतारावर तो सगळा सरकून पुढच्या काचेवर येतो.

रस्ता बंद होऊन गाडी बर्फात अडकली तर काय करायचे, हा भाग मी हलक्या हाताने लिहू शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गाड्यांतच मरण पावली. त्यांपैकी अनेकांचा घात धुराड्यातून आत शिरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने केला असे मानले जाते. गाडीभोवती बर्फ साचला की सायलेन्सरचे तोंड बुजते, धूर खालून आत येतो, त्यातल्या या विषारी वायूला वास नसतो, आणि उबेत झोप लागलेला माणूस उठत नाही. म्हणून गाडी सोडून अंधारात चालत निघू नये, पण आत बसून हीटर सतत चालूही ठेवू नये. आधी उतरून सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे, तासातून दहा मिनिटे इंजिन चालवावे, वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी, सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नये. यासाठी एक लहान फावडे हवे; आमच्याकडे शेतातले होते, दांडा कापून नेले. गाडीत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये.

पांघरुणांना घरच्या वाकळी उत्तम, मोजे लोकरीचे आणि दोन जोड. शिदोरीत न गोठणारे आणि न शिजवता खाता येणारे असावे; फुटाणे, गूळ, शेंगदाणे, आणि संक्रांतीच्या सुमारास जात असाल तर तिळाचे लाडू आई देणारच आहे. पाण्याची बाटली पायाशी न ठेवता वाकळीत गुंडाळून ठेवावी. फोन चार्ज करण्याची सोय, विजेरी, आणि उन्हाचा चष्मा. हा शेवटचा शौकासाठी नव्हे, कारण ऊन पडलेल्या बर्फाकडे तासभर पाहिल्यावर डोळ्यांतून पाणी वाहू लागते.

निघण्याची वेळ ठरवतानाही थोडे समजून घ्यावे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून २९ जानेवारीपर्यंतच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. थंडीचा कहर त्याच दिवसांत असतो आणि पुतण्याचा बेत नेमका तेव्हाचाच आहे. चेनानी ते नाशरी हा ९ किलोमीटरहून लांब बोगदा २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून पटणीटॉपचा बर्फाळ घाट टळला आहे, परंतु पुढे रामबनच्या पट्ट्यात पाऊस किंवा बर्फ पडला की दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो. त्यामुळे रोज सकाळी वाहतूक पोलिसांची सूचना पाहूनच जम्मू किंवा श्रीनगर सोडावे, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा आणि जाण्या-येण्याच्या दिवसांत किमान दोन दिवस रिकामे ठेवावेत. आम्ही दीड दिवस जम्मूत नुसते बसून काढला. परतीच्या तारखेची घाई असणारा माणूस बर्फावर वेग वाढवतो, आणि म्हणूनच हे दोन दिवस मी साखळीइतकेच महत्त्वाचे मानतो.

एवढे सगळे वाचून घाबरलेल्या पुतण्याला मी एक गोष्ट आवर्जून सांगितली. त्याच्या प्रवासातील पहिला धोका काश्मीरमध्ये नसून घरापासून दहा किलोमीटरच्या आत आहे. डिसेंबरमध्ये पहाटे निघताना वर्धा आणि वेणा नद्यांच्या काठी धुके असते, जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या बाहेर दोन-दोन हात फुगलेल्या असतात, बंडीला मागे चमकणारी पट्टी नसते, आणि शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर सोडलेली काळी माती दवाने भिजून साबणासारखी झालेली असते. त्या पट्ट्यावर ब्रेक दाबून पाहिलेल्याला बर्फाची वानवळा म्हणून चव मिळालेली असते. धुक्यात मोठा दिवा लावला की पुढे पांढरा पडदाच उभा राहतो. दिवा खालचा ठेवावा आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून जावे.

राहता राहिली टायरातील हवा. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की हवा साधारण एक पीएसआयने (पीएसआय हे टायरमधील दाबाचे माप) उतरते, त्यामुळे आपल्या गावी दुपारच्या ३० अंशांत भरलेली हवा श्रीनगरच्या उणे ५ अंशांच्या सकाळी मोजली तर पाच-सहा पीएसआय कमी दिसायला हवी; उंचीमुळे त्यातील थोडी भरून निघते, म्हणून अंदाजाने न भरता तिथे पोहोचल्यावर सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, मोजूनच भरावी. परत येताना हेच उलट होते आणि ते हमखास विसरले जाते. आम्हीही विसरलो होतो. सागर सोडल्यावर दुपारच्या उन्हात जीप रस्त्यावर उड्या मारू लागली, तेव्हा उस्ताद मागच्या सीटवरून डोळे न उघडताच म्हणाले, “हवा काढ लेका, काश्मीर मांगं रायलं आता.”